तुम्ही विचारलंत म्हणून: मित्राचं नाटक आणि ‘एक नंबर झालं’

“मित्राचं नाटक पडलं, तर तुम्ही तोंडावर सांगता का हो?” नाटकांचा हंगाम आला की कुणी ना कुणी हे विचारतंच. सांगलीत राहून हौशी नटांशी दोस्ती केली की यातून सुटका नाही.

५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं ते इथंच, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून. नाटक बसवायला सांगणारे खुद्द राजेसाहेब, मग ‘जमलं नाही’ कोण म्हणणार? ‘छान झालं’ म्हणायची आमची चाल त्याच रात्री पडली असणार, असा माझा आपला संशय आहे.

तर उत्तर असं की, प्रयोगाच्या रात्री नाही सांगत. भावे नाट्यमंदिरात पडदा पडल्यावर आत जाऊन बघा. गडी आरशासमोर बसलेला असतो. अर्ध्या तोंडाचा रंग पुसलेला, अर्धा तसाच, कॉलर घामानं चिंब. मागं न वळता आरशातूनच विचारतो, “कसं झालं रे?” त्याला तेव्हा परीक्षण नको असतं. ‘एक नंबर!’ म्हणायचं, पाठीवर थाप मारायची, बाहेर यायचं. खोटं म्हणा हवं तर. ‘बरं हाय का?’ला ‘बरं हाय की’ म्हणणाऱ्याचं ब्लडप्रेशर तरी आपण कुठं तपासतो?

खरं बोलायचं ते तालमीत. दुसऱ्या अंकातला फोनचा प्रसंग लांबतोय, वाक्याच्या शेवटी तुझा आवाज पडतो, मागच्या रांगेला काही कळणार नाही, हे तेव्हाच सांगायचं. तेव्हा कात्री हातात असते. माझा राग आहे तो तालमीत भडंग खात ‘मस्त चाललंय’ म्हणणाऱ्यांवर. हेच लोक प्रयोगानंतर पार्किंगमध्ये चारचौघांत सुरू होतात, “मी स्पष्ट बोलतो हां, राग मानू नका.”

तो फोन लांबतोय हे एका मित्राला मी तालमीतच सांगितलं होतं. चांगलाच फुगला. कापला नाहीच. स्पर्धेत प्रेक्षक त्याच जागी खोकायला लागले. रात्री आत गेलो, ‘एक नंबर’ म्हणालो. त्यानं आरशातून बघितलं.

“आणि फोन?”

“लांबला.”

“अंतिम फेरीला गेलो तर कापू.”

“आधी जा तर खरं,” म्हटलं.