फ्लॅट 12 सेट: बी तार अखेर ओळीत आली

माझ्या जॅझ गिटारवर फ्लॅट सेट आहे, म्हणजे जाड तारा चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या आणि वरच्या दोन, बी आणि ई, साध्या. सहापैकी पाच तारा एका आवाजात बोलत होत्या आणि बी एकटीच वर डोकं काढत होती. हे दुखणं आता गेलंय. पूर्ण नाही, पण कॉर्ड मेलडीत (कॉर्डसोबतच चाल वाजवताना) वरचा सूर बीवर गेला की कानाला ठेच लागायची, ती लागत नाही. गिटार अशी: लॅमिनेट (थरांच्या लाकडाचा) टॉप, 24.75 इंच स्केल (तारेची वाजती लांबी), सरकता रोझवुड ब्रिज, तारा मागे अडकवायला ट्रपीझ टेलपीस, नेकजवळ एक हंबकर, म्हणजे तारेचं कंपन पकडणारा चुंबकी पिकअप. सेट डॅडारिओ क्रोम्स 12, बारीक ईपासून जाड ईपर्यंत जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत: 12, 16, 24, 32, 42, 52.

आधी निदान, कारण बीची ओरड म्हणजे एकच दोष नसतो. तो आवाजाच्या मोठेपणाचा असतो किंवा पोताचा असतो, आणि दोन्हींचे उपाय वेगळे. ओळखायची सोपी रीत: एकच सूर दोन तारांवर वाजवायचा. बीचा तिसरा फ्रेट आणि जीचा सातवा, दोन्ही डी. पिक त्याच जागी, जोर तोच. आधी अँप बंद ठेवून, मग चालू करून. बंद असताना दोन्ही सूर साधारण सारखे आणि चालू केल्यावर बी पुढे येत असेल, तर दोष पिकअपमध्ये. बंद असतानाही बी टणटणत असेल, तर तार, सॅडल (ब्रिजचा वरचा भाग, जिथे तार टेकते) किंवा नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी). या गिटारवर दोन्ही दोष होते, म्हणूनच एक दुरुस्त केला की दुसरा जास्त जाणवायचा.

पिकअपची बाजू आधी घेतली. 24ची जी जाड दिसते, पण तिचा पोलादी गाभा बीच्या 16 पेक्षा बारीक असतो. चुंबकाला मुख्यतः गाभा दिसतो, वरच्या चपट्या पट्टीचा वाटा कमी. बी मात्र सगळीच्या सगळी भरीव पोलाद. म्हणून पिकअपला बी मोठी आणि जी लहान. ही अडचण विजेच्या गिटारइतकीच जुनी आहे: गिब्सनचं ईएस-150 हे 1936चं मॉडेल, त्याच्या पात्याच्या पिकअपमध्ये पुढे बीच्या खाली मुद्दाम खाच पाडली जाऊ लागली, ती याचसाठी.

आपल्याकडे खाच नाही, पण पिकअपवर प्रत्येक तारेखाली पोलपीसचे स्क्रू आहेत. बीचा स्क्रू अर्धा अर्धा फेरा खाली, दर वेळी तीच डी-डी तुलना. अमेरिकन पिकअपवर हे स्क्रू बहुधा 5-40 आट्यांचे, म्हणजे एका फेऱ्याला 0.635 मिमी, एम3 असतील तर 0.5 मिमी. पाऊण ते एक मिमी खाली गेल्यावर बी जीच्या पातळीला आली. जीचा स्क्रू अर्धा फेरा वर. याहून वर नेला तर जीवर पिकचा खटका ऐकू येतो. अख्खा पिकअप तारांजवळ आणून जी मोठी करायचा मोह आवरा. जवळ आला की बीही तेवढीच मोठी होते आणि घुमणंही वाढतं.

इथे मोठेपणा संपला, पोत उरला. अँप बंद असतानाचा टणटणाट स्क्रूने जात नाही, आणि सगळा वेळ यातच गेला.

पहिला संशय सॅडलवर, आणि तो खरा निघाला. बीच्या जागी सॅडलचा माथा सपाट झाला होता. तार पुढच्या कडेवरून सुटायला हवी. माथा सपाट असला तर ती जरा पुढे-मागे टेकत राहते आणि आवाजाला बारीक जवारी लागते. तंबोऱ्यावर ती हवीच, इथे नको. बारीक सपाट कानस घेऊन माथ्याला टेलपीसच्या बाजूला उतार दिला, म्हणजे सगळ्यात उंच रेघ नेकच्या बाजूला राहिली. मग 16ची जुनी तारच पुढे-मागे ओढून खाच बसवली. खाच तारेच्या अर्ध्या जाडीइतकीच खोल हवी. त्याहून खोल गेली तर तार कडांना घासते आणि सूर आखडतो. टणटणाटातला चिरका भाग यानेच गेला.

ब्रिज आणि टेलपीसमधल्या तारा वेगळ्या गुणगुणतात, तेही तपासा. कॉर्ड वाजवून लगेच दाबला तरी मागून चांदीसारखा आवाज रेंगाळत असेल, तर फेल्टची पट्टी ब्रिजमागे तारांमध्ये विणून घाला. लगेच फरक कळतो. ती ब्रिजला मात्र चिकटू देऊ नका, नाहीतर मूळ आवाजही मरतो.

दुसरा उपाय खुद्द तारेचा: 16 काढून सुटी 17. ताण स्केलप्रमाणे बदलतो, 24.75 इंचांवर 16ची बी साधारण 9.9 किलो ताणावर असते, 17ची 11.2. सव्वा किलोचा फरक बोटाला कळतो, बेंड (तार ओढून सूर चढवणं) जड होतात. पण जॅझमध्ये बीवर बेंड किती लागतात? बदल्यात सुराचा तळ भरतो, वरची किणकिण मागे हटते. जीनंतर बीवर जाताना आता पायरी वाटत नाही. सुट्या तारांची एक तक्रार: पुडीवर 17 असलं तरी व्हर्नियरने मोजूनच लावा. 17 म्हणजे 0.43 मिमी, 16 म्हणजे 0.41. पुड्या अदलाबदल होतात, आणि एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही.

17 लावल्यावर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागतो का, ते पुन्हा बघावं लागलं. जाड साध्या तारेला मागे जास्त जागा लागते, नाहीतर बाराव्या फ्रेटवर सूर चढतो. या स्केलवर एक मिमी म्हणजे बाराव्या फ्रेटवर पावणेतीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). अर्धा मिमी मागे घेतला तेवढ्यात भागलं, फक्त बीची कड कानशीने मागे नेली. ज्यांच्याकडे सॅडल साध्या (न गुंडाळलेल्या) जीसाठी कोरलेली आहे, त्यांनी फ्लॅट सेट लावताना हे आधी बघा. साध्या जीची पायरी, म्हणजे तार टेकते ती कड, बरीच मागे असते. तिथे गुंडाळलेली जी ठेवली की वर जाताना सूर उतरत जातो, आणि ब्रिज कितीही सरकवला तरी जुळत नाही. जी जुळली की दोन्ही ई बिघडतात. अशा वेळी ब्रिजला छळू नका, सॅडल बदला.

तारा बदलताना एकेकच काढा, म्हणजे ब्रिज जागचा हलत नाही. तरी त्याच्या पायाभोवती मास्किंग टेपची खूण असू द्या. फ्लॅट तार कापण्याआधी खुंटीच्या पुढे काटकोनात कडक वाकवा, मग वाकाच्या पलीकडे कापा. सरळ कापली तर पट्टी गाभ्यावरून सुटते आणि अख्खी तार मेलेली वाजते. नटची खाच 24साठी 26ची कानस, त्याहून रुंद नको.

आता सेटबद्दल. क्रोम्स सुरुवातीला जरा तकतकीत असतात आणि कडक लागतात, पण सूर पक्का धरतात आणि सुट्या तारा मिळतात, हा मोठा फायदा. हाफ राऊंड (गोल तारेने गुंडाळून वरून अर्धवट सपाट केलेल्या तारा) मला या गिटारवर अधांतरी वाटतात: बोटाखाली फ्लॅट नाहीत आणि आवाजात राऊंडचा जिवंतपणा नाही. ब्राँझच्या अ‍ॅकॉस्टिक तारा चुंबकी पिकअपवर लावू नका. ब्राँझ चुंबकाला दिसत नाही, आणि बी-ईची ओरड दुप्पट होईल. फ्लॅट सेटवर साध्या दोन तारा लवकर घाई करून बदलू नका. फ्लॅट मुरतात आणि त्यांच्याशेजारी कोरी बी पुन्हा ओरडते. गंज लागला किंवा सूर राहीना, तेव्हाच बदला.

पुढचं पाऊल ठरलेलं होतं: वरची ईही 13 करायची, म्हणजे 13, 17, 24. पण हिशेब मांडल्यावर थांबलो. 12ची ई दहा किलो, 13ची पावणेबारा. बी आणि ई मिळून तीन किलो वाढतात, तेही लॅमिनेट टॉपच्या एकाच बाजूला, आणि ई तशी ओरडत नाहीच. मग उलट विचार डोक्यात आला: बीला खाली खेचण्याऐवजी जीला वर का आणू नये? थॉमास्टिक-इनफेल्डच्या जॅझ स्विंग 12 मध्ये जी गुंडाळलेली असूनही 20ची आहे. 16 ते 20 ही उडी 16 ते 24 पेक्षा कितीतरी लहान. बारीक जी अंगानेच जास्त उघडी वाजेल, पोतातलं अंतर दोन्ही बाजूंनी कमी होईल आणि बीला 16वरच ठेवता येईल.

अडचण नटची. 24ला बसवलेल्या खाचेत 20 सैल पडेल, खुली जी बाजूला सरकून किरकिरेल. म्हणून खाच बुजवत बसण्यापेक्षा हाडाचा दुसरा नट घेऊन 20ला जुळवून कोरतो. जुना क्रोम्ससाठी तसाच राहील. सॅडलही दुसरी, ब्रिजच्या खांबांमधलं अंतर मोजून, जीची पायरी सध्यापेक्षा थोडी पुढे धरून, आणि शेवटची कानस तारा पूर्ण ताणावर स्थिरावल्यावरच. ज्यांनी 20ची फ्लॅट जी लावली आहे, त्यांनी बाराव्या फ्रेटवर सूर जुळल्यावर ती सॅडलवर बीच्या तुलनेत किती पुढे बसली ते मिमीत सांगा. कोरायला घेण्याआधी तो आकडा हवा आहे.