गोरखमुंडी आली, पण माक्याच्या गर्दीतून

मंडळी, कुंडीत गोरखमुंडी उगवली! म्हणजे ती भातखाचरात तण म्हणून येणारी, जांभळ्या गोल बोंडांची औषधी वनस्पती. निदान एक रोप तरी पक्कं. उगवायला तिने छळलंच, पण खरा जीव काढला तो ओळख पटवताना.

मागचं थोडक्यात. काष्ठौषधीच्या दुकानातली वाळकी मुंडी काढ्याला ठीक, पेरायला नाही. ती कधीची आणि कशी वाळवलेली, देव जाणे. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातून गोम्फ्रेना हे बागेतलं शोभेचं झाड निघालं. जांभळा गोल गेंद दिसला की काहीही खपवायचं, असा कारभार. म्हणून गेल्या उन्हाळ्यात भोरकडच्या एका खाचरातून बोंडं आणली. शेतकरीदादांना विचारलं तर म्हणाले, "तणच हाय ते. सगळं न्या की!"

बोंड भिंगाखाली एकदा बघाच. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो गोळा म्हणजे दाटीवाटीने बसलेल्या कितीतरी इवल्या स्तबकांचा (फुलांच्या झुबक्यांचा) गठ्ठा असतो, आणि प्रत्येक स्तबकाला आपापली छदं, म्हणजे तळाची बारीक पानं. पिकलेलं बोंड चुरगळलं की भुसा जास्त, बी कमी. सोनकी किंवा एकदांडीसारखा केसांचा तुरा बियांना नसतो, त्यामुळे उडून जायची भीती नाही. पण तो नसल्याने भुशातून बी वेगळं काढणं म्हणजे डोळ्यांची वाट.

आता मुख्य दुखणं. कोकोपीट-परलाइटवर, म्हणजे रोपांसाठीच्या बिनमातीच्या मिश्रणावर, काही म्हणता काही हललं नाही. ही बया भातकापणीनंतर ओल आटत चाललेल्या खाचरात येते, मग तिला तसंच अंथरूण द्यावं म्हणून खाचरातलाच गाळ आणला. ट्रेमध्ये चिखल केला, बी वरच भुरभुरलं, मातीने झाकलं नाही. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवला आणि पाणी हळूहळू कमी करत नेलं. हिरवा गालिचा उगवला! घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

पानं वाढली तशी शंका आली. सगळी समोरासमोर. गोरखमुंडीची पानं एकाआड एक असतात. एक देठ चुरडला, रस काळा पडला. माका! गाळात आधीपासून दडून बसलेला. खाचराच्या मातीत तणांच्या बियांची केवढी बँक असते हे वाचलं होतं, आता व्याजासकट हातात आलं. मधूनच काही रोपं एकाआड एक पानांची निघाली तेव्हा पुन्हा आशा पालवली, पण पानं खोल कातरलेली आणि जमिनीलगत पसरणारी. माशीपत्री, हेही एक तणच. मुंडी, माका, माशीपत्री, तिन्ही एकाच सूर्यफूल कुळातल्या, तिन्हींना ओलसर जागा प्रिय. भांडणार कुणाशी?

आणि मग कोपऱ्यातलं ते एक रोप. पान अखंड, कडेला दाते, आणि देठाऐवजी पानाचा तळ खोडावरून खाली उतरत गेलेला. खोडाला त्यामुळे पंखासारखी पट्टी, तिच्याही कडेला बारीक दाते. शेंडा चोळला तर मुंडीचा तोच उग्र वास. हे सगळं सराफी दहापट भिंगातून दिसलं. मोबाइलला लावायच्या क्लिपच्या मॅक्रो लेन्सने नुसतं धुकं दाखवलं. त्यावर पैसे घालू नका.

माका उपटत नाहीये, मुळं गुंतलीत. कात्रीने जमिनीलगत छाटतोय.

पुढच्या खेपेला गाळ वाफवून घ्यायचा विचार होता (कुकर मागितल्यावर घरात काय झालं ते सोडा). पण हे लिहिताना डोक्यात आलं: हे रोप माझ्या बियांचं कशावरून? गाळात गोरखमुंडीचंही बी असणारच की! तेव्हा आता तीन ट्रे. एकात वाफवलेला गाळ आणि माझं बी, दुसऱ्यात तोच वाफवलेला गाळ बीविना, तिसऱ्यात कच्चा गाळ, तोही बीविना. तिसऱ्यात मुंडी आली तर बी निवडत बसायचा उद्योगच बंद, सरळ जुन्या झाडांखालचा गाळ खरवडून आणायचा.

कच्चा गाळ उरलाय थोडाच. मावळ-मुळशीकडे कुणाची खाचरं असतील तर जिथे मुंडी दाट येते तिथला डबाभर गाळ राखून ठेवा. बदल्यात माक्याची रोपं देतो, हवी तेवढी.