तुम्ही विचारलंत म्हणून : ते प्राणी बळीचे होते का?

रोमन काळातील उत्खननांविषयी बोलून झाले की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो : खड्ड्यांत नीट ठेवून पुरलेले ते प्राणी बळीचे होते ना? माझे उत्तर असे की ते देवासाठी पुरले की त्या जनावराच्या मायेपोटी, हे हाडांनाच विचारावे लागते.

इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील युएल येथे २०१५ साली खाणीच्या एका जुन्या खड्ड्यात २८० हून अधिक पाळीव प्राण्यांचे सांगाडे मिळाले. बहुतेक कुत्र्यांचे होते, सोबत माणसांची हाडे होती आणि एका कुत्र्याच्या शिश्नास्थीला गेरू फासलेला होता. तिथे विधी म्हणायला माझी हरकत नाही.

इजिप्तमधील तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात मात्र मी तो शब्द वापरत नाही. तिथे रोमन उकिरड्याखाली इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील दफनभूमी निघाली आणि प्राण्यांच्या हाडांच्या अभ्यासक मार्ता ओसिपिन्स्का यांनी २०२१ साली तिथल्या ५८५ प्राण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक मांजरे आहेत. याच देशात देवीला वाहण्यासाठी मांजरांच्या माना मोडून ममी करत. इथे ममीही नाहीत आणि मारल्याच्या खुणाही नाहीत, उलट काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टे आणि मण्यांच्या माळा आहेत. नाईलकाठच्या कोप्टोसहून या वाळवंटी बंदरात पोचायला बारा दिवस लागत, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. अशा ठिकाणी दात पडलेली, सांधे धरलेली कुत्री म्हातारपणापर्यंत जगली, ती कुणीतरी रोज भरवल्याशिवाय जगणे शक्यच नव्हते. हाडाच्या कर्करोगाने गेलेल्या एका मोठ्या कुत्र्याला ताडाच्या चटईत गुंडाळून पुरले होते, आणि त्याने शेवटचे खाल्लेले मासे व बकऱ्याचे मांस यांचे अवशेषही त्याच्या सांगाड्यात मिळाले. या कुत्र्याविषयी सांगताना माझा आवाज अजूनही जड होतो.

याच दफनभूमीतली माकडे मात्र लहान वयातच मेली. ती आपल्याकडची होती : ऱ्हीसस आणि बॉनेट, म्हणजे मोसमी वाऱ्यांवर मिरीच्या पोत्यांसोबत समुद्र ओलांडून गेलेली. बॉनेट माकडे आजही सह्याद्रीच्या घाटांत कठड्यांवर बसलेली दिसतात. बेरेनिकेत त्यांच्या भाऊबंदांना निजलेल्या मुलासारखे कुशीवर ठेवून वाळूत पुरले होते.