अटलांटाला जाताय? ऑबर्न अव्हेन्यूला अर्धा दिवस ठेवा

अटलांटाला गेलेली आपली मंडळी बहुतेक अ‍ॅक्वेरियम, कोका-कोला म्युझियम करून परत येतात आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं पार्क वेळ उरला तर. मी म्हणेन आधी हेच करा.

पार्क म्हटलं तरी बाग नाहीये, ऑबर्न अव्हेन्यू ही सरळ एक गल्ली आहे, ना गेट ना तिकीट. १९२९ मध्ये किंग जन्मले ते ५०१ नंबरचं घर, बापलेक दोघं जिथे पाद्री होते ते एबेनेझर चर्च, कोपऱ्यावर १८९४ चं फायर स्टेशन. १९८० मध्ये सरकारने हे सगळं संरक्षित केलं आणि २०१८ ला नॅशनल हिस्टॉरिकल पार्क झालं, तेव्हा पूर्वी जिथे किंग यांच्या नागरी हक्क संघटनेचं ऑफिस होतं ती मेसॉनिक टेम्पलची (फ्रीमेसन मंडळींच्या सभागृहाची) बिल्डिंग पण हद्दीत घेतली. मला सगळ्यात पटलं ते हे की एका मोठ्या माणसाचं घर रंगवून बाकी गल्ली बिल्डरच्या घशात घातली नाही, शेजारची घरं, समोरची कामगारांची चिंचोळी घरं सगळी जपलीत आणि काहींमध्ये भाडेकरू राहतात, दोऱ्यांवर कपडे नसले तरी वस्ती जिवंत वाटते.

जन्मघर नोव्हेंबर २०२३ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केलं होतं, आम्ही बाहेरूनच बघितलं, त्यामुळे निघायच्या आधी नॅशनल पार्क सर्व्हिसची वेबसाईट बघाच, चर्च उघडं आहे का तेही तिथेच कळतं. चर्चमध्ये किंग यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग चालू असतं. बाकावर जरा बसा. याच चर्चमध्ये १९७४ ला ऑर्गन वाजवत असताना त्यांच्या आईला गोळी घातली होती, हे कळल्यावर लगेच उठवत नाही.

व्हिजिटर सेंटरमध्ये किंग यांची शवपेटी नेलेली खेचरांची गाडी ठेवलीये. बाहेर गांधीजींचा पुतळा. १९५९ ला किंग पतीपत्नी भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात, म्हणजे गांधीजी मुंबईत जिथे उतरायचे त्या घरात, राहिले होते, मुलांना हे आधी सांगून ठेवा, मग पुतळ्यापाशी नुसते सेल्फी काढून पळत नाहीत. समाधी रस्त्यापलीकडे किंग सेंटरमध्ये, पाण्याच्या मधोमध, त्यांच्या पत्नी कोरेटाबाईंचीही शेजारीच.

कार असेल तर जॉन वेस्ली डॉब्स अव्हेन्यूकडून या, तिथे फुकट पार्किंग आहे. नाहीतर मार्टाने (इथली मेट्रो) किंग मेमोरियल स्टेशन आणि मग चालत. उन्हाळ्यात पाणी, टोपी हवीच. जेवायला एजवूड अव्हेन्यूवरचं जुनं म्युनिसिपल मार्केट, वाटेत डोक्यावरून हायवे जातो, तो याच वस्तीच्या पोटातून काढलाय.