वरंध घाट: रस्त्याने चिरलेला कावळ्या किल्ला

भोर-महाड रस्त्याचा राज्यमार्ग जाऊन राष्ट्रीय महामार्ग झाला, तरी आमच्या तोंडी तो वरंध घाटच. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने बंद ठेवतात, म्हणून दिवाळी उलटल्यावर निघालो. भोरचा पंतसचिवांचा राजवाडा बाहेरूनच पाहिला. पुढे नीरा-देवघरचं पाणी बराच वेळ सोबतीला. हा हिरडस मावळ, बांदलांचा आणि बाजीप्रभूंचा मुलूख. 1660 साली घोडखिंडीत लढलेली माणसं याच मातीतली, हे आठवलं की साधी भातखाचरंसुद्धा वेगळी दिसतात.

वाघजाईच्या देवळापाशी नेहमीची गर्दी. कांदाभजी, चहा, माकडं, कठड्यावर बसून फोटो. टपरीवरच्या मावशींना विचारलं, किल्ला कुठे? भजी झाऱ्याने उलटत त्या म्हणाल्या, "अहो, किल्ल्यातच उभे आहात तुम्ही. वरची टाकी बघा की."

खरंच होतं. घाटावर नजर ठेवणारा कावळ्या किल्ला हाच. इंग्रजांच्या काळात घाटरस्ता काढताना त्याची मधली सोंड फोडली आणि किल्ल्याचे दोन तुकडे झाले. देवळाच्या वरच्या अंगाला कातळात ओळीने नऊ टाकी आहेत. गुडघ्यावर बसून आत हात घातला. पाणी बर्फगार, कडेच्या कातळावर छिन्नीचे तिरके घाव बोटांना लागत होते. आणि दुसऱ्याच टाक्यात वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या. हाताला लागल्या तेवढ्या काढल्या, पण राग काही जाईना. खाली एवढी माणसं, वर चिटपाखरू नाही.

शिवथरघळ घाईत झाली. समर्थांनी दासबोध सांगितला ती हीच घळ, ही श्रद्धा. धुळ्याच्या शंकरराव देवांनी 1930 साली ती शोधून काढली. महाडला चवदार तळ्यावर मात्र निवांत थांबलो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ज्या पाण्याची ओंजळ घेतली, ते बघताना सोबतचे सगळेच गप्प झाले.

पण मन घाटातच अडकलंय. महामार्ग म्हटला की रुंदीकरण आलं, आणि तो शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. एकदा चिरलेल्या किल्ल्याला पुन्हा सुरुंग लागता कामा नये. तुम्ही गेलात तर भजी जरूर खा, पण अर्धा तास काढून टाक्यांपर्यंत चढा, आणि एक रिकामी पिशवी सोबत न्या.