मावश्या एजन्सीच्या, जबाबदारी आमची

मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने. पाचशे रुपये जास्त मिळाले की मावशी, म्हणजे वॉर्डातली आया, समोरच्या दवाखान्यात जाते, आणि त्यात तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही. पण वीस खाटांच्या नर्सिंग होमची व्यवस्था बघताना ‘आज नाईटला कोण?’ यातच माझी संध्याकाळ जायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, “मॅडम, मावश्या, मामा (वॉर्डबॉय) आणि साफसफाई एजन्सीला देऊन टाका.” सिस्टर मात्र आपल्याच पगारावर ठेवायच्या, हे आमचं आधीच ठरलेलं. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं की सिस्टरांची नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दाखवावी लागते, आणि रोज बदलणाऱ्या माणसाच्या हाती इंजेक्शनची ट्रे द्यायची माझी तयारी नव्हती.

दरपत्रकं मागवली. सगळ्यात स्वस्त एजन्सीवाल्याला विचारलं, यातले मावशीच्या हातात किती, पीएफ-ईएसआय (भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विमा) किती, तुमचे किती? तो म्हणाला, “माणूस मिळाल्याशी मतलब ना? आतलं कशाला बघता?” बघावंच लागतं. एजन्सीने ईएसआय भरलं नाही तर मुख्य मालक (ज्याच्याकडे काम चालतं तो) म्हणून वसुली आमच्याकडे येते. पगारावर मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के; आकडा छोटा दिसतो, पण थकला की व्याजासकट अंगावर येतो. शिवाय मनुष्यबळाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी. रुग्णसेवेला जीएसटी माफ असल्यामुळे त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, आम्हाला मिळत नाही, तो सरळ खर्चातच धरायचा. हे सगळं मांडल्यावर स्वस्त आणि महाग यांतला फरक फारसा उरलाच नाही.

एका कंपनीने वेगळंच गाजर दाखवलं. डिस्चार्जनंतर घरी मावशी लागणारे पेशंट आमच्याकडे पाठवा, प्रत्येकामागे तुमचा वाटा काढू. याला आपल्याकडे सरळ कट प्रॅक्टिस म्हणतात, आणि डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत त्याला बंदी आहे. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

ज्यांच्याशी जमलं, त्यांच्याशी पाचशेच्या स्टॅम्पवर करार केला. दोन गोष्टींवरून खूप घासाघीस झाली. पहिली चलनाची, म्हणजे पैसे भरल्याच्या पावतीची. एजन्सीचं पीएफचं चलन सगळ्या ठिकाणच्या माणसांचं मिळून एकच असतं. त्याची झेरॉक्स बिलाला जोडली म्हणून आमच्या मावश्यांचे पैसे भरले गेले असं होत नाही. मी ईसीआरची, म्हणजे कुणाच्या नावावर किती पीएफ भरला त्याची, यादी मागितली आणि यूएएन (प्रत्येकाचा पीएफ खाते) नंबर हजेरीपटाशी जुळल्याशिवाय बिल पास होणार नाही, असं लिहून घेतलं. एजन्सीवाले म्हणाले, “असं कुणी मागत नाही हो.” दिलं मात्र.

दुसरी गोष्ट लशीची. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणं ही २०१६ च्या नियमांप्रमाणे दवाखान्याची जबाबदारी. हिपॅटायटिसचा तिसरा डोस सहा महिन्यांनी असतो, आणि एजन्सी तर माणसं महिन्याला फिरवते! म्हणून कलम घातलं की लसीकरण सुरू झालेलं माणूस आम्हाला न विचारता हलवायचं नाही. दांडी पडली तर रिलीव्हर आलाच पाहिजे, नाहीतर दुप्पट कपात, हे त्यांनी तुलनेने लवकर मान्य केलं.

पहिल्या महिन्यात एका नव्या मावशीने सलाईनचे सेट पिवळ्या पिशवीत टाकले. नीट गाठ मारून, हात धुऊन, सगळं अगदी मनापासून. सेट जातात लाल पिशवीत. पिशवीवर बारकोड आमचा, त्यामुळे विचारणा झाली असती ती आम्हालाच. मेट्रन सिस्टरने तिला डब्यांपाशी नेऊन रिकामी सिरींज, रक्ताचा कापूस, औषधाची फुटकी बाटली एकेक हातात देत विचारलं, “ही कुठं?” आता एजन्सीचं नवीन माणूस आलं की वॉर्डात जाण्याआधी ही परीक्षा असते.

जुलैत विशेष भत्ता (किमान वेतनातला महागाईचा भाग) बदलला तसं एजन्सीचं पत्र आलं, एकूण दरच वाढवून द्या म्हणून. करारात वेतनाचा भाग वेगळा आणि सेवाशुल्क टक्क्यांत न धरता ठरावीक रुपयांत लिहिलेलं होतं. भत्त्यापुरती वाढ दिली, सेवाशुल्क तेवढंच ठेवलं. काही दिवस फोन आला नाही. मग महिनाअखेरीस बिल आलं, नव्या हिशोबाचं, ईसीआरच्या यादीसकट.