चहा झाला का?

रविवार, १२ जुलै

सकाळी अर्धा कप चहा सिंकमध्ये ओतून दिला. तेव्हापासून काही सुचत नाहीये.

शुक्रवारी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १२.३. गेल्या वर्षी मे महिन्यात ८.९ होतं. डॉक्टर म्हणाल्या, आता दिवसाला एखादा कप घ्यायला हरकत नाही, फक्त जेवणाला आणि गोळीला लागून घेऊ नका, चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही. चौदा महिने मी या एका वाक्याची वाट बघत होते. शनिवार मुद्दाम जाऊ दिला. पहिला कप रविवारी, निवांत, खिडकीबाहेर केपटाऊनचा थंडीतला पाऊस पडत असताना.

माईने पाठवलेला डबा काढला. चिकटपट्टी तशीच होती, वर तिच्या अक्षरात ‘चहा + ग. च.’. आधण ठेवलं, आलं ठेचलं, गवती चहाची वाळलेली पात चुरून टाकली. पावडर पडली, पाण्याचा रंग फिरला, आणि असा वास सुटला की मी ओटा धरून उभी राहिले. नानांचा चार वाजताचा कप, ती बशी, त्यांचं ते… असो.

मग पहिला घोट. जीभ आक्रसली. तुरट, आणि घशाशी कडवट. वाटलं पावडर जास्त पडली. दूध वाढवलं, साखर घातली. दुसरा घोट, तिसरा. पावडर बरोबर होती. माईचं प्रमाण आहे ते, कपाला एक सपाट चमचा, त्यात चूक होत नाही. अर्ध्यावर कप खाली ठेवला आणि माझं मलाच कळलं नाही, किटली लावून मी रॉयबॉसची, इथल्या झुडपाच्या त्या लाल चहाची, पिशवी मगमध्ये टाकली होती. तो लाल मग संपला तेव्हा जिवाला बरं वाटलं. ते बरं वाटलेलंच सहन होईना.

तेवढ्यात फोन. साडेसात, म्हणजे तिकडे अकरा.

“चहा झाला का?”

“हो माई. मस्त झाला.”

लग्न झाल्यापासून रोज ती हेच विचारते. त्यात तब्येत कशी आहे, जेवतेस ना, सुमेध नीट वागतो ना, सगळं येतं. गेले चौदा महिने तीही जरा चाचरतच विचारायची. आज तिच्या आवाजात किती आनंद होता. आणि मी खोटं बोलले.

कधी झालं हे? चहा बंद झाल्यावर रॉयबॉस पहिल्यांदा प्यायले तेव्हा ओल्या लाकडाचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं होतं. मग पातेल्यात उकळून बघितलं, दूध, आलं, वेलदोडा, सगळं घालून. चहाची आठवण तेवढी व्हायची, चहा व्हायचा नाही. एकदा त्या पातेल्यासमोर चक्क रडले. सगळं सोडून इतक्या लांब आले, एक चहा तेवढा राहिला होता, तोही काढून घेतला, असं काहीतरी मनात होतं. त्या रडण्यात बाकीचंही बरंच होतं.

इथल्या माझ्या मैत्रिणीच्या, टॅनीच्या, घरी फरक पडला असावा. तिच्या शेगडीवर एनॅमलची किटली सकाळी चढते ती रात्रीच उतरते. आपला चहा असा दिवसभर आचेवर ठेवला तर तोंडात धरवणार नाही. रॉयबॉस कडू होतच नाही. दाट होतो, गोडसर होतो, मधासारखा वास यायला लागतो. तिने मग पुढ्यात ठेवला, सोबत एक जाडजूड रस्क. बुडवला, नेमका वर काढला, तुटू दिला नाही. बोटांना खारी-टोस्टची सवय होतीच. त्या दिवशी अख्खा मग संपला.

टॅनीचं माहेर सीडरबर्गच्या डोंगरातल्या वुपरथाल गावचं. २०१८ च्या डिसेंबरात तिथे आग लागली त्यात तिच्या आईचं घर गेलं. ती त्याबद्दल बोलत नाही. चहाबद्दल मात्र बोलते. फेब्रुवारीत मला रॉयबॉसच्या मुलखात, क्लॅनविल्यमला घेऊन गेली, उत्तरेला अडीच-तीन तास. मला वाटलं होतं झुडूप लालच असणार. पण ते हिरवंगार, पानं सुयांसारखी. कापून बारीक तुकडे करतात, चेचतात, पाणी मारून ढीग लावून ठेवतात. ढीग आतून तापतो आणि रातोरात हिरव्याचं लाल होतं. सकाळी उन्हात पसरतात. त्या पसरलेल्या लाल अंगणाशी मी उभी होते, हात घातला तर ऊब लागली, हाताला गोड वास राहिला. तेव्हाच आवडायला लागला होता का? असेल. मी कबूल केलं नाही एवढंच.

टॅनी सांगत होती, सीडरबर्गच्या आसपासची ही रेताड, आंबट माती सोडून हे झुडूप दुसरीकडे धड रुजत नाही, लोकांनी परदेशात लावून बघितलं. जंगलातून तोडून आणायचे दिवस संपले ते १९३० च्या सुमारास, क्लॅनविल्यमच्या डॉक्टर नॉर्टियेंनी लागवड जमवली तेव्हा. बी बारीक, पिकलं की उडून जायचं, सापडायचं नाही. शेवटी मुंग्यांच्या वारुळात साठे मिळाले म्हणतात. आणि बीचं टरफल इतकं टणक की खरवडल्याशिवाय कोंब फुटत नाही. २०२१ साली युरोपीय संघाने रॉयबॉस हे नाव याच भागासाठी राखून ठेवलं.

सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. झुडपाने आपली माती सोडली नाही. माझ्या जिभेने सोडली. मला न विचारता.

दुपारी पडल्या पडल्या माईच्या आजीची गोष्ट आठवली. त्यांच्या घरात चहा नव्हता, सकाळी पेज. चहा माईच्या वडिलांनी आणला, नोकरी लागल्यावर, आणि आजी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढे तीच पहाटे उठून आधण ठेवायला लागली. त्या पेजेसाठी कोणी रडलं असेल का? आजीची जीभ कोणत्या दिवशी फिरली ते तिला तरी कुठे कळलं असेल.

हे आठवल्यावर जरा हलकं वाटलं. पूर्ण नाही.

संध्याकाळी सुमेध ड्युटीवरून आला. चौदा महिने त्याने घरात चहा केला नाही, मला वास येईल म्हणून. कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही. आज त्याला न विचारता आधण ठेवलं. चव घेतली नाही. आलं कधी घालायचं, दूध कधी, उकळी वर आल्यावर गॅस किती बारीक करायचा, सगळं हाताला ठाऊक होतं. गाळणं आपटून चोथा काढला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले.

“अगदी माईंच्या हातचा.”

मी शेजारी माझा मग घेऊन बसले. पाऊस थांबला होता.

उद्या साडेसातला फोन येईल. सांगेन, काल सुमेधला केला होता माई, त्याला फार आवडला.